ऐंशी टेस्ट झाल्या, पण बाबांना तपासलं कुणी?

प्रश्न : माझे वडील 74 वर्षांचे, आई 69 ची. दोघं गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी मुलुंडला. गेल्या महिन्यात एका लॅबचा फोन आला, सिनियर सिटिझन पॅकेज, ऐंशी टेस्ट, घरी येऊन रक्त घेऊन जाणार. मी दोघांचंही करून घेतलं. बाबांच्या रिपोर्टमध्ये चार-पाच आकडे लाल आलेत, आई घाबरून गेलीय आणि बाबा म्हणतात मला काही झालेलं नाही, परत सुई टोचायला कुणाला पाठवू नकोस. वर्षातून एकदा चेकअप करायचं म्हणजे नक्की काय काय करायचं असतं? आणि बाबांना डॉक्टरकडे न्यायचं कसं?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, आधी त्या लाल आकड्यांचं बोलू म्हणजे आईंना जरा झोप लागेल. रिपोर्टवर जी नॉर्मल रेंज छापलेली असते ना, ती साधारणपणे 95 टक्के निरोगी माणसं तिच्यात बसतील अशी काढलेली असते, म्हणजे ठणठणीत माणसाच्याही ऐंशी टेस्ट केल्या तर तीन-चार आकडे रेंजच्या बाहेर जाऊ शकतात, त्याला आजार असायलाच हवा असं नाही. पण म्हणून रिपोर्ट कपाटात टाकून देऊ नका. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा), हिमोग्लोबिन, सोडियम, पोटॅशियम किंवा शुगर यातलं काही लाल असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि पॅकेजमध्ये कॅन्सर मार्कर म्हणून काही असेल आणि तो आकडा थोडासा वर असेल तर लगेच धीर सोडू नका, काही त्रास नसलेल्या माणसात सीईए किंवा सीए-125 सारखे मार्कर तपासून कॅन्सर शोधायची पद्धतच नाही, ते साध्या कारणांनीही वाढतात.

आता तुमचा खरा प्रश्न. रक्त दिलं म्हणजे चेकअप झालं असं आपण धरून चालतो आणि मला याचंच फार वाईट वाटतं, कारण सत्तरीनंतर माणूस ज्या गोष्टींनी अंथरुणाला खिळतो त्यातल्या कितीतरी रक्तात दिसतच नाहीत. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असेल, रात्री दोनदा उठावं लागत असेल, दिवा मिणमिणता, खाली बादली ठेवलेली, आणि बाबा झोपेतून उठून तडक चालायला लागतात. हे कुठल्या रिपोर्टमध्ये येणार?

म्हणून चांगल्या वार्षिक तपासणीत डॉक्टर बीपी दोन प्रकारे घेतात, एकदा झोपवून किंवा बसवून आणि मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर चक्कर येऊन पडायची भीती असते, आणि बऱ्याचदा त्याचं कारण बीपीची किंवा प्रोस्टेटची गोळीच असते, डोस किंवा वेळ बदलली की फरक पडतो. डॉक्टरांनी आपणहून केलं नाही तर तुम्ही म्हणा, डॉक्टर, उभं करून पण बघाल का. यात संकोच कसला!

दुसरं, चालून दाखवायला सांगतात. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने 3 मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. याला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. हे तुम्ही रविवारी गॅलरीत मोबाइलवर वेळ लावून करून बघू शकता, फक्त शेजारी उभ्या राहा. आणि वर्षभरात कधी पडलात का हे विचारा, पण एकट्या बाबांनाच विचारू नका, आईलाही विचारा, कारण "जरा पाय सरकला" याला आपले वडीलधारे पडणं म्हणतच नाहीत.

तिसरं म्हणजे गोळ्यांची पिशवी. यादी नको, घरातली सगळी पाकिटं, डबी, चूर्ण, काढा, केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेली गुडघ्याची गोळी, सगळं पिशवीत भरून न्या. दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर किडनीवर ताण येतो, त्यात बीपीची आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर जास्तच. सर्दीच्या काही गोळ्यांनी पुरुषांची लघवी तुंबते, झोप येते, म्हाताऱ्या माणसाला भ्रमही होतो. शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 कमी होऊ शकतं, आणि घरात शाकाहार असेल तर आधीच कमी असू शकतं, मग पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरणं, सगळं वयावर ढकललं जातं.

वजन मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघायचं. मुद्दाम न करता सहा महिने ते वर्षात 5 टक्के कमी झालं, म्हणजे 60 चे 57 झाले, तरी कारण शोधायला हवं. विसरभोळेपणासाठी तीन शब्द लक्षात ठेवायला देतात, मग घड्याळाचं चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटांचे काटे दाखवायला सांगतात आणि ते तीन शब्द परत विचारतात. बाबांना परीक्षा घेतल्यासारखं वाटेल, पण तेव्हा तुम्ही मध्ये उत्तर देऊ नका हं. मन रमतं का, आवडीच्या गोष्टीत गोडी राहिलीय का हेही विचारतात आणि विचारायलाच हवं. डोळ्यांत मोतीबिंदूसोबत काचबिंदूही बघून घ्या, तो हळूहळू नजर खातो आणि कळत नाही. कान, दात, शुगर असेल तर पायांचे तळवे.

रक्ताचं म्हणाल तर बहुतेकांना सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), शुगर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि लघवी एवढ्यात पुष्कळ कळतं, गरजेप्रमाणे थायरॉइड, बी-12, ईसीजी. आईंसाठी हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी विचारा, 65 नंतर बायकांना ती सुचवतात. आणि खोकताना-हसताना लघवी सुटते का हे तुम्हीच आईला एकांतात विचारा, त्या डॉक्टरांना आपणहून सांगणार नाहीत आणि त्यावर व्यायामाचे, औषधाचे उपाय आहेत. लसींचंही याच भेटीत बोलून घ्या, फ्लूची दरवर्षी, न्यूमोनियाची आणि नागिणीची डॉक्टर सांगतील तशी.

बाबांना न्यायचं कसं? आईची तपासणी करायचीच आहे, तर "आईबरोबर चला" म्हणा, यात खोटं काही नाही. शक्यतो नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडेच जा, मोठ्या हॉस्पिटलच्या रांगेने माणूस आधीच वैतागतो. सुई टोचणार नाहीत हे आधीच सांगा, रक्ताचा रिपोर्ट आहेच, तोच न्या. आणि तिथे त्यांना बोलू द्या, मुलं भराभर सगळं सांगून मोकळी होतात आणि वडील गप्प बसून राहतात, हे मी रोज बघते आणि दर वेळी जीव तुटतो.

प्रश्न : मी 72 वर्षांचा, 70 वरच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय. त्यावर वार्षिक चेकअप फुकट होईल का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : काका, नाही. ऑक्टोबर 2024 पासून सुरू झालेलं हे कार्ड वर्षाला 5 लाखांपर्यंत हॉस्पिटलात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, ओपीडीतल्या नुसत्या तपासणीला चालत नाही. पण कार्ड जपून ठेवा, मोतीबिंदू किंवा हृदयाचं काही निघालं तर कामाला येईल. बीपी, शुगर आणि साध्या रक्ततपासण्यांसाठी जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात किंवा पालिकेच्याच 'आपला दवाखाना' केंद्रात जा, पुढचं काही लागलं तर तिथूनच पालिकेच्या हॉस्पिटलात पाठवतात. जुने पेपर न्यायला विसरू नका.

प्रश्न : आईच्या फास्टिंग टेस्टला सकाळच्या गोळ्या बंद ठेवायच्या का? लॅबवाला म्हणतो काहीच घेऊ नका.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : उपाशी म्हणजे 8 ते 12 तास अन्न, चहा, दूध नाही, पण साधं पाणी चालतं आणि ते प्यायलाच हवं, मुंबईच्या उकाड्यात म्हातारं माणूस पाण्याविना चक्कर येऊन पडतं. बीपीची गोळी सहसा पाण्यासोबत नेहमीच्या वेळी घेतात. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन मात्र सहसा खाल्ल्याशिवाय घेत नाहीत, रक्त देऊन झाल्यावर नाश्त्यासोबत, म्हणून पहिला नंबर लावा. आईंच्या गोळ्यांपैकी कुठली कधी ते आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारून घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असतील तर तेही सांगा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. आणि पर्समध्ये बिस्किटाचा पुडा ठेवा, हात थरथरले, घाम फुटला तर टेस्ट राहू दे, आधी काहीतरी गोड द्या.