स्लायडर हलवायच्या आधी वहीत आकडा मांड

प्रश्न : सर, मी सेकंड इयर सिव्हिलला आहे. आमच्याकडे यावर्षी एसओएमला (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स) डिजिटल पुस्तक लावलंय, त्यात स्लायडरने बीमवरचा लोड सरकवला की बीएमडी (बेंडिंग मोमेंट डायग्राम, म्हणजे बीमवर कुठे किती वाकवणारा मोमेंट येतो त्याची आकृती) आपोआप बदलतो, मधेमधे प्रश्न येतात आणि उत्तर टाकलं की बरोबर का चूक लगेच कळतं. वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं, माझे सगळे चॅप्टर हिरवे पण झालेत, तरी युनिट टेस्टला साधा बीम आला आणि मला काही सुचलंच नाही. मग लोकल ऑथरचं छापील पुस्तकच बरं का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : अगं, लगेच पुस्तक बदलू नकोस. 'कळल्यासारखं वाटतं' असं तूच लिहिलंयस ना, घोळ तिथंच आहे. आकृती बदलताना बघणं वेगळं आणि कोऱ्या पानावर ती स्वतः उभी करणं वेगळं, परीक्षेत दुसरं विचारतात आणि तुझा सराव झालाय पहिल्याचा.

आज एवढं कर. ६ मीटरचा सिंपली सपोर्टेड बीम, म्हणजे दोन्ही टोकांना नुसता टेकवलेला, घे, डाव्या टोकापासून २ मीटरवर १० किलोन्यूटनचा पॉइंट लोड. स्क्रीन बंद. रिअ‍ॅक्शन (टेकू बीमला वर ढकलतात तो जोर) काढ, डावीकडे ६.६७ आणि उजवीकडे ३.३३ किलोन्यूटन येतील, आणि लोडखाली मोमेंट ६.६७ गुणिले २ म्हणजे साधारण १३.३ किलोन्यूटन-मीटर. आता लोड मधोमध नेला तर मोमेंट वाढेल का कमी होईल, आणि किती, ते पेनाने लिही आणि मगच स्लायडरला हात लाव. १५ दिसेल. आणखी पुढे, उजव्या टोकापासून २ मीटरवर नेलास की परत १३.३. तुझा अंदाज बरोबर आला तर छानच, पण चुकला तर जास्त शिकशील, कारण मग 'असं का झालं' हे तुला खरंच जाणून घ्यायचं असतं.

तसंच आयताकृती बीमची खोली दुप्पट केली तर? आय (मोमेंट ऑफ इनर्शिया, जितका जास्त तितका बीम कमी वाकतो) म्हणजे बीडी क्यूब भागिले १२, बी रुंदी आणि डी खोली, त्यामुळे आय आठपट होतो आणि तोच लोड ठेवला तर डिफ्लेक्शन, म्हणजे बीमचं खाली झुकणं, आठव्या हिश्शावर येतं, रुंदी दुप्पट केली तर मात्र नुसतं निम्मं. सूत्र पाठ असूनही हा फरक मुलांच्या मनात बसत नाही, दोन स्लायडर आळीपाळीने ओढले की डोळ्यांसमोर दिसतो. छापील पानाला हे जमत नाही, म्हणून मी या पुस्तकांच्या बाजूने आहे, अगदी मनापासून.

प्रश्न : मी इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये शिकवतो. डिजिटल पुस्तकात मुलं 'उत्तर दाखवा' दाबत सुटतात आणि रिपोर्टमध्ये सगळे शंभर टक्के. याला मार्क ठेवावेत का? आणि विकतचं पुस्तक सगळ्यांना परवडत नाही, त्याचं काय करायचं?
– एक प्राध्यापक, नांदेड

उत्तर : मार्क ठेवा पण थोडेच, आणि शंभर टक्क्यांकडे बघू नका, पहिल्या प्रयत्नात कुठला प्रश्न जास्त जणांचा चुकला ते बघा, सोय असेल तर. अमेरिकेत २०१२ मध्ये प्राध्यापक फ्रँक वाहिद आणि स्मिता बक्षी यांनी झायबुक्स ही ऑनलाइन पाठ्यपुस्तकं सुरू केली, त्यात मजकूर कमी आणि प्रश्न, ॲनिमेशन जास्त ठेवले, आणि मुलांनी काय काय सोडवलं हे वर्गात येण्याआधी शिक्षकाला दिसतं. खरा फायदा हाच आहे हो, तास चुकलेल्या प्रश्नापासून सुरू करता येतो. फळ्यावर तोच प्रश्न आकडे बदलून द्या, शेजारच्याशी वाद घालू द्या आणि मग तुम्ही बोला. विज्ञान-इंजिनिअरिंगच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये एक निबंध आला होता, नुसत्या लेक्चरच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २१.८ टक्के. माझ्या मते या पुस्तकांनीही तेच साधायला हवं, पण तुम्ही तासाला नेहमीसारखी स्लाइड वाचून दाखवलीत तर काही होणार नाही.

पैशाचं म्हणाल तर व्हर्च्युअल लॅब्ज फुकट आहेत, केंद्र सरकारच्या प्रकल्पातून वेगवेगळ्या आयआयटींनी आणि बाकी संस्थांनी केलेल्या, प्रयोग ब्राउझरमध्येच चालतात. आयआयटी मुंबईच्या फॉसी या ओपन-सोर्स सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात नेहमीच्या टेक्स्टबुकांमधली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड करून ठेवलीत, ती उघडायची, आकडा बदलायचा, परत चालवायची, झालं की इंटरअ‍ॅक्टिव्ह पुस्तक. सायलॅबही फुकट. मुलांना सायलॅब येत नसेल तर आयआयटी मुंबईचेच स्पोकन ट्युटोरियल (बोलून शिकवणारे व्हिडिओ) मराठीतही आहेत, छोटे छोटे, थांबवत थांबवत शेजारी स्वतः करून बघायचे. ते उतरवून घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये ठेवा, म्हणजे ज्यांच्याकडे डेटा नाही ती मुलं प्रॅक्टिकलच्या तासाला तिथं बसून करतील.