गावात चोऱ्या वाढल्यात, पोलिसांना बरोबर घेऊन रात्रीची गस्त कशी सुरू करावी?

तुम्ही लिहिलंय की महिन्याभरात दोन घरफोड्या झाल्या, विहिरींवरच्या मोटारींची केबल गेली आणि तरुण मुलं काठ्या घेऊन फिरायला तयार आहेत. मग पोलिसांना कळवायलाच हवं का? हवंच, आणि तेही पहिल्या रात्रीच्या आधी. पोलीस ठाण्याला माहीत नसलेली गस्त म्हणजे अंधारात उभी असलेली वीस अनोळखी माणसं. वाटसरूला ती दरोडेखोर वाटतात आणि त्यांना तो चोर वाटतो.

सुरुवात पोलीस पाटलांपासून करा. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानुसार गाव आणि ठाणे यांच्यातला अधिकृत दुवा तेच आहेत. त्यांच्यामार्फत ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना ग्रामसुरक्षा दलासाठी, म्हणजे गस्त घालणाऱ्या गावकऱ्यांच्या दलासाठी, अर्ज द्या, सोबत नाव, वय, वस्ती आणि मोबाइल नंबर असलेली यादी जोडा. अर्जाची पोच घ्या. यादीतल्या प्रत्येकाची पडताळणी ठाण्यालाच करू द्या. गुन्हे असलेला, दारू पिणारा किंवा भावकीत हाणामारी चालू असलेला माणूस दलात नको, पण त्याचं नाव गावाने कापलं तर वैर होतं. पोलिसांनी कापलं तर होत नाही. आणि यादी एकाच आळीची नको. गावठाण, मळे, दलित वस्ती, सगळीकडची माणसं हवीत, नाहीतर गस्त बघता बघता एका वस्तीची दुसऱ्या वस्तीवर पाळत होते.

बहुतेक दलं मोडतात ती माणसांच्या हिशेबात चूक झाल्यामुळे. रात्री 11 ते 2 आणि 2 ते 5 अशा दोन पाळ्या, पाळीला पाच जण, म्हणजे एका रात्रीला दहा. यादीत चाळीस नावं असतील तर पाळी चौथ्या रात्री येते आणि दिवसा शेतात काम करणाऱ्यालाही ती झेपते. पंधराच नावं असली तर दर तीन रात्रींतल्या दोन जागाव्या लागतात. आठवडाभरात माणसं गळायला लागतात. म्हणून आधी नावं जमवा, मग तारीख ठरवा.

प्रत्येकाकडे बॅटरी, शिट्टी, अंधारात चमकणारं जाकीट आणि ठाण्याच्या शिक्क्याचं ओळखपत्र असावं. कोयता, एअरगन अजिबात नको. एक वही ठेवा: वेळ, जागा, दिसलेल्या गाडीचा नंबर. बीट अंमलदार, म्हणजे तुमचं गाव ज्यांच्याकडे आहे ते ठाण्यातले पोलीस, फेरीला आले की त्यांची सही घ्या. तपासात नंतर हीच वही उपयोगी पडते, कारण चोरीच्या आधी दोन-तीन दिवस रेकी करणारी गाडी बऱ्याचदा कुणीतरी पाहिलेली असते, फक्त नंबर कुणी लिहिलेला नसतो.

संशयित दिसला तर अंतर ठेवा, उजेड टाका, नाव-गाव विचारा आणि 112 लावा. हा फोन तुमच्या ठाण्यात नव्हे, राज्याच्या नियंत्रण कक्षात जातो. नुसतं ‘वडगाव’ म्हणून चालणार नाही. तालुका, जिल्हा आणि जवळची खूण सांगा. त्यानंतर बीट अंमलदारांना कळवा. डोळ्यांदेखत दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, किंवा समोरचा न्यायालयाने फरार घोषित केलेला असला, तरच सामान्य नागरिकाला कुणाला पकडता येतं, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नुसत्या संशयावरून पकडणं यात बसत नाही आणि मारहाण तर कशातच बसत नाही.

हे मी मुद्दाम ताणून सांगतोय. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षुकीवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचलेत अशाच अफवांमुळे रात्री वाट अडवली गेली आणि दोन साधू व त्यांचा चालक मारले गेले. पोलीस पोचले होते, तरी जमाव आवरला नाही. म्हणून दलाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बीट अंमलदार आणि पोलीस पाटील हवेतच, आणि त्या दोघांनी खात्री केल्याशिवाय ‘चोर आलेत’ हा मेसेज, कुणाचा फोटो किंवा आवाजाची क्लिप पुढे जाता कामा नये. गावाबाहेर भटक्या लोकांची पालं पडली असतील तर दिवसा पोलीस पाटलांनी जाऊन नावं, मूळ गाव, मुक्कामाचे दिवस विचारून नोंद करावी. नोंद झालेली माणसं रात्री अनोळखी राहत नाहीत.

देणं पोलिसांकडूनही यायला हवं. पहिल्या पंधरा दिवसांत बीट अंमलदार दोन-तीनदा तरी गस्तीबरोबर फिरले नाहीत, किंवा गावाने दिलेल्या गाडी नंबरचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही, तर माणसं खबर द्यायची थांबवतात. महिन्यातून एक बैठक ठाण्याकडून तारीख घेऊन ठरवाच.

चोऱ्या थांबल्या की गस्त रोज चालणार नाही आणि चालवूही नका. अमावास्येच्या आसपासच्या रात्री, लग्नसराई, जत्रा आणि दिवाळीच्या सुट्टीत बंद राहणारी घरं, एवढ्यापुरत्या पाळ्या ठेवा. यादी मात्र दर सहा महिन्यांनी नवी करून ठाण्यात द्या, कारण मोबाइल नंबर बदलतात आणि बीट अंमलदारांची बदलीही होते.