कालवा कशामुळे आटला, हे आधी विचार

चि.स अनेक उत्तम आशीर्वाद,

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड भागातला जुना कालवा आणि त्याच्या काठचा बंद पडलेला पब गावासाठी पुन्हा उभा करणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर काम करण्याचे तू ठरवले आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. तू सल्ला मागितलास म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो: कुदळ-फावडे हाती घेण्यापूर्वी ती जागा कशामुळे बंद पडली, हे नीट समजून घे.

तिथला थेम्स-सेव्हर्न कालवा 1789 मध्ये सुरू झाला. सॅपर्टनचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा बोगदा त्या वेळी ब्रिटनमधला सर्वांत लांब बोगदा होता; आत नाव ओढणाऱ्या घोड्यांना वाट नसल्यामुळे माणसे पाठीवर पडून भिंतींवर पाय रेटत नाव पुढे सरकवत असत. बोगद्याच्या तोंडाशी असलेला डेनवे पब मुळात हा बोगदा खणणाऱ्या कामगारांसाठीच बांधला गेला होता. रेल्वेने कालव्याचा व्यापार हिरावला हे खरेच. पण त्याचे जुने दुखणे पाण्याचे होते. माथा, म्हणजे कालव्याचा सर्वांत उंचावरचा भाग, चुनखडीच्या खडकातून जातो आणि त्या खडकातल्या भेगांतून पाणी सतत झिरपून जाई. 1901 मध्ये काउंटी कौन्सिलने, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेने, कालवा ताब्यात घेऊन दुरुस्तीवर खर्च केला, तरीही मालाने भरलेली शेवटची नाव 1911 मध्ये माथा ओलांडून गेली आणि 1927 मध्ये कालव्याचा मोठा भाग अधिकृतपणे सोडून देण्यात आला. 1972 पासून स्वयंसेवक तो पुन्हा जिवंत करण्यासाठी झटत आहेत, ते या दुखण्याची पूर्ण जाणीव ठेवून.

म्हणूनच तुला सुरुवातीला तळाला चिकणमातीचे अस्तर देण्याचे काम मिळाले, तर ते हलके समजू नकोस. माती पाणी घालून, तुडवून, तिच्यातली हवा काढून थरावर थर बसवावी लागते, आणि पाणी सोडेपर्यंत ती ओली राखावी लागते. एकदा वाळून तडकली की सगळी मेहनत फुकट जाते. लॉकच्या, म्हणजे पाण्याची पातळी बदलून नाव वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदाच्या, भिंती बांधताना घाईपोटी सिमेंटकडे वळू नकोस. जुन्या मऊ विटांमध्ये चुनाच हवा, कारण सिमेंटने अडवलेला ओलावा विटेत साचतो आणि थंडीत गोठून तिचा दर्शनी पापुद्रा उडवतो. आपल्या गडांचे बांधकामही चुन्यातलेच आहे, तेव्हा हे तुला फार समजावून सांगायला नको.

पबच्या बाबतीत कारण शोधणे अधिक अवघड असते, कारण तिथे माणसांच्या सवयींचा प्रश्न येतो. 2011 च्या लोकॅलिझम कायद्याने गावाला महत्त्वाची जागा समाजोपयोगी मालमत्ता म्हणून नोंदवण्याचा आणि ती विक्रीला आल्यास बोली लावण्यासाठी सहा महिने मिळवण्याचा मार्ग दिला. मात्र ती गावालाच विकण्याचे बंधन मालकावर घातले नाही. त्यामुळे त्या मुदतीत पैसा आणि माणसे दोन्ही जमवावी लागतात. लंडनच्या नन्हेड भागातला आयव्ही हाउस हा असा नोंदवला गेलेला पहिला पब. 371 जणांनी त्याचे भाग (शेअर) विकत घेऊन तो वाचवला. त्याआधी, 2003 मध्ये, कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावातल्या लोकांनी ओल्ड क्राउन हा पब सहकारी तत्त्वावर विकत घेतला. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच, ही रीत आपल्याकडच्या सहकारी संस्थांमुळे तुझ्या परिचयाची आहे आणि तिच्यातली भांडणेही तू पाहिली असशील. मला वाटते, भाग विकत घेणाऱ्यांच्या संख्येपेक्षा मंगळवारी दुपारी आत येऊन बसणाऱ्यांची संख्या महत्त्वाची. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी जेवण, मुलांच्या आईवडिलांसाठी सकाळची कॉफी, एखादे छोटे दुकान यांची सोय आराखड्यात आधीपासून हवी. नाहीतर छत नवे होईल आणि पब पुन्हा त्याच कारणाने बंद पडेल.

कालवा आणि पब यांचा विचारही वेगवेगळा करू नका. ससेक्समधल्या लॉक्सवूडला वे-अरुन कालव्याचे स्वयंसेवक ऑन्स्लो आर्म्स या पबशेजारून सहलीच्या नावा चालवतात. संपूर्ण कालवा अजून खुला झालेला नसतानाही तयार झालेला तुकडा लोकांच्या वापरात राहतो, त्यातून थोडे उत्पन्न येते आणि नवे हातही मिळतात. मला ही पद्धत फार मोलाची वाटते.

गटाच्या पहिल्या बैठकीला जाशील तेव्हा, उद्घाटनानंतर गाळ काढण्याचा आणि लॉकचे दरवाजे बदलण्याचा खर्च कोण उचलणार, एवढे अवश्य विचार, आणि मिळालेले उत्तर मला सविस्तर कळव.

तुझा,
काका