सव्वादोनशे किलोमीटरवरचा नवरा

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपच उडाली. नवरा सिअ‍ॅटलला एच-वन-बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर, तुला कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळालाय, मुलगी पाच वर्षांची. आणि तू विचारतेस, "ताई, कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन व्हँकुव्हरला यावं का? शनिवार-रविवार गाडीने जाऊन भेटता येईल ना?" अगदी हाच हिशोब आम्ही २०१७ मध्ये एरंडवण्यातल्या घरी मांडला होता. पुणे-कोल्हापूर एवढंच तर अंतर. ते खरंच आहे.

फॉर्म आणि फी सरकारी साइटवर तू वाचलीच असशील. पण पीआर असला तरी पासपोर्ट भारतीय, म्हणजे अमेरिकेचा व्हिसा लागतोच. मी पर्यटकाचा मागितला आणि दोन मिनिटांत नकार मिळाला. नवरा तिकडे नोकरीला, म्हणजे ही परत येणार नाही, हे त्या व्हिसात गृहीतच धरतात. तसं नाही हे आपण पटवून द्यायचं. एच-फोरला, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या बायकोमुलांच्या व्हिसाला, ती अट नाही, आणि एच-फोर घेऊन कॅनडात राहून नुसतं भेटायलाही जाता येतं, हे मला नंतर कळलं. चार महिने वाया गेले. तू निघायच्या आधीच एच-फोरचा स्टॅम्प घे.

आणि नावं तपास. माझ्या लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मुलीच्या जन्मदाखल्यात आईचं नाव तिसऱ्याच स्पेलिंगने. एका अक्षरासाठी क्षेत्रीय कार्यालयात पाच खेपा घातल्या. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी "झेरॉक्स जोडली नाही". तेव्हा ही कटकट वाटायची. बॉर्डरवर अधिकारी मुलीचे कागद हातात घेऊन "हिचे वडील कोण?" म्हणतो, तेव्हा त्या एका अक्षराची किंमत कळते. मुलीला एकटी घेऊन जाशील तेव्हा नवऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेव, दोन्ही बाजूंना विचारतात.

पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात हवेत. जायचा आणि यायचा दिवस कॅनडाचाच धरतात, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतलीस तर फक्त शनिवार जातो. पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेव.

शाळेचं अजून सलतं. मुलगी पुण्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाचत होती. इथे व्हँकुव्हरलगतच्या सरेमध्ये शाळेच्या चौथ्या दिवशी एका अनोळखी बाईंनी तिला प्रश्न विचारले, ती बुजून गप्प बसली, आणि तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या गटात टाकलं. वर मला सांगितलं, घरी इंग्रजी बोला. मी ऐकलं. नवीन देश, वाटलं यांना जास्त कळत असेल. दोन वर्षांत ती आजीशी व्हिडिओ कॉलवर इंग्रजीत बोलायला लागली. आई फोन बाबांकडे द्यायची. तू ऐकू नकोस. घरी मराठीच बोल.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. पहिला हिवाळा जड जातो, मग रूटीन लागतं.

पण बॉर्डर रूटीन होत नाही. पीस आर्च नाक्यावरची पांढरी कमान १९२१ सालची, आजूबाजूला हिरवळ, आणि तिच्यासमोर गाड्यांची रांग. एकदा खिडकीतल्या अधिकाऱ्याने विचारलं, "कोणाला भेटायला?" म्हटलं, नवऱ्याला. "मग त्याच्याबरोबर राहत का नाही?" त्याला सहज विचारायचं असेल. माझ्याकडे फाइलभर कागद होते आणि उत्तर नव्हतं.

मार्च २०२० मध्ये जमिनीवरची बॉर्डर बंद झाली. अमेरिकेने आपली बाजू नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडली. मधल्या काळात कुटुंबीयांना कॅनडात यायची मुभा मिळाली होती, पण १४ दिवस क्वारंटाइन, आणि नवऱ्याच्या ऑफिसला अमेरिकेबाहेरून काम चालत नव्हतं. मग आम्ही कमानीजवळच्या बागेत भेटायचो. अमेरिकेच्या बाजूची बाग उघडी होती. कॅनडाकडच्या, सीमेला लागून असलेल्या झिरो अ‍ॅव्हेन्यूला गाडी लावायची, रस्त्याकडेची चर ओलांडायची की समोर तीच हिरवळ. कितीतरी जोडपी तिथे चटया टाकून बसलेली असायची. मुलगी पहिल्यांदा त्याच्याजवळ गेली तेव्हा पाहुण्यांसमोर उभी राहावी तशी उभी राहिली. त्याने थालीपीठ आणलं होतं, तर थँक यू म्हणाली.

आता जे सांगते ते कोणालाच सांगितलेलं नाही. बॉर्डर उघडल्यावर काही महिन्यांनी, एका शनिवारी, दीड तास रांगेत होते. मुलगी मागे झोपलेली. पुढे जावंसंच वाटेना. कशीबशी रांगेतून बाहेर पडले, गाडी वळवली आणि घरी आले. त्याला फोन करून सांगितलं, हिला ताप आहे. त्याने लगेच विचारलं, "किती?" म्हटलं, शंभर. त्या रात्री त्याने तीनदा फोन केला, ताप उतरला का विचारायला. तिसऱ्यांदा मी उतरला म्हणून सांगितलं. बाहेर येऊन ओट्याजवळ उभी राहिले. घर शांत होतं आणि मला बरं वाटत होतं.

तो अजून तिकडेच आहे, मी इकडे. ये म्हणू की नको, मला खरंच ठरवता येत नाही. एच-फोरच्या कागदांची यादी मात्र माझ्याकडे आहे, हवी तर सांग.