हार्ड डिस्क टिकटिक करतेय, आत घरचे सगळे फोटो आहेत, कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

तुम्ही लिहिलंय की १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क लावली की टिकटिक येतं, विंडोज फॉरमॅट करायला सांगतं, आत मुलीच्या बारशापासूनचे फोटो आहेत आणि मिस्टर म्हणतायत की व्हिडिओ बघून चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क दुरुस्त करायचं साधन, मारतो. आधी त्यांना थांबवा. डिस्क काढून कपाटात ठेवा आणि मग पुढचं वाचा.

टिकटिक म्हणजे आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, वाचायची जागा शोधतंय आणि त्याला ती मिळत नाहीये. आता तरी दिसतंय का बघू म्हणून तुम्ही दर वेळी वायर लावता तेव्हा ते पुन्हा त्या प्लॅटरवर, म्हणजे आतल्या चकतीवर, फिरतं, आणि जिथं घासलं तिथला फोटो नंतर कुणालाच परत आणता येत नाही. टिकटिक करणाऱ्या डिस्कला सॉफ्टवेअर नसतं, माझं उत्तर हेच आहे.

इतकं ठासून सांगते कारण आमच्या घरात नेमकं हेच झालंय. मी साताऱ्यात एका स्टुडिओसाठी लग्नाचे करिझ्मा अल्बम डिझाइन करते, लग्नसराईत लोकांच्या डिस्का दिवसभर हाताखालून जातात, त्यामुळे मरायला टेकलेली डिस्क मला ओळखू येते. आमचे भावोजी, म्हणजे ताईचे मिस्टर, हौशी माणूस. सगळ्या घराचे फोटो त्यांनी एका डिस्कवर गोळा केले, बाबांच्या कॅमेऱ्यातले, आत्याकडच्या सीड्या, लग्नं, मुंजी, आजीचं सहस्रचंद्रदर्शन, सगळं. आणि बॅकअप झाला म्हणून सीड्या भंगारात देऊन टाकल्या! मी तेव्हाच म्हणाले होते की भावोजी, हा बॅकअप नाही, एका घरातलं सामान दुसऱ्या घरात नेलंत फक्त. दोन ठिकाणी असेल तर बॅकअप. एवढी साधी गोष्ट लोकांना का पटत नाही मला कळत नाही.

पुढं ती डिस्क संथ व्हायला लागली, फोल्डर उघडायला वेळ लागायचा, फोटोंच्या जागी नुसते पांढरे चौकोन, कॉपी लावली की मधेच अडकायची. ताईनं फोन केला तेव्हा मी सांगितलं बंद करा आणि माझ्याकडे पाठवा, मी आधी इमेज काढते, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल. भावोजी म्हणाले, नुसती बंद ठेवून डिस्क बरी होते का? आणि रात्री चेकडिस्क लावून झोपले, एफ (चुका दुरुस्त कर) आणि आर (खराब जागा शोध) हे दोन्ही पर्याय लावून. सकाळी सहस्रचंद्रदर्शनाचा फोल्डर गायब, त्याच्या जागी फाउंड डॉट झिरो झिरो झिरो नावाचा फोल्डर, त्यात सगळ्या सीएचके फाइली, म्हणजे नाव हरवलेले तुकडे, आणि दुपारपर्यंत डिस्क टिकटिक करायला लागली.

चेकडिस्क फोटो वाचवायला बनवलेलंच नाही हो. ते डिस्कवरचा हिशोब जुळवतं, जे जुळत नाही ते कापून टाकतं किंवा बाजूला टाकतं, आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहून करतं. आर लावलात तर डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचायला लावतं, म्हणजे जे हेड आधीच दमलंय त्यालाच रात्रभर राबवायचं. डिस्क चांगली असेल तर चेकडिस्क चांगलं. मरायला लागलेल्या डिस्कवर नाही म्हणजे नाही.

मग मी डिस्क घेऊन मुंबईला लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. पहिल्या दुकानात एकाने टेबलावरच स्क्रू काढायला घेतले, तिथून मी डिस्क उचलून बाहेर आले. हेड आणि प्लॅटरमधली फट इतकी बारीक असते की धुळीचा एक कण पुरतो, त्यामुळे क्लीन रूम किंवा निदान क्लीन बेंच नसलेल्याकडे डिस्क उघडायला देऊच नका. दुसऱ्याने त्याच मॉडेलची डिस्क मागवून तिचं हेड बसवलं, पूर्ण इमेज काढली आणि बरंचसं परत दिलं. नावं नाहीत, फोल्डर नाहीत, नुसते एफ आणि पुढं आकडे. ते मी एक्झिफटूलने, म्हणजे फोटोत लपलेली तारीख वगैरे माहिती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने, तारखेप्रमाणे लावले. आजीचा एक फोटो असा आला की वर कपाळ, डोळे, नथ स्वच्छ आणि नाकाखाली सगळा करडा पट्टा, ओवाळणारे हात, ताम्हणातले दिवे काहीच नाही. पण कॅमेरा जेपेगच्या सुरुवातीलाच एक छोटा थंबनेल ठेवतो, बहुतेक १६० बाय १२० चा, तो एक्झिफटूलने वेगळा काढता येतो. तो अख्खा निघाला, दिव्यांसकट. मोठा प्रिंट निघणार नाही, पण कोण कुठं उभं होतं ते दिसतं. तुमचेही अर्धे करडे फोटो आले तर डिलीट करू नका, आधी हे करून बघा.

भावोजी आजही कुठल्याही कार्याला भेटले की म्हणतात, लॅबवाल्यानंही शेवटी सॉफ्टवेअरच चालवलं ना, तेच मी घरी करत होतो, तू उगाच पैसे घातलेस. नाही, तेच नाही. त्यानं आधी हेड बदललं, मग इमेज काढली, मग इमेजवर सॉफ्टवेअर चालवलं, मूळ डिस्कवर एक अक्षर लिहिलं नाही. हा क्रम चुकला की फोटो जातात, आणि आमचे जे गेले ते त्या एका रात्रीत गेले. तुमच्या मिस्टरांनाही हे वाचून दाखवा.

आता तुमचा प्रश्न. आवाज अजिबात नसेल आणि डिस्क नुसती संथ असेल तरच घरी हात लावा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, डीडीरेस्क्यू या इमेज काढायच्या सॉफ्टवेअरने दुसऱ्या, त्याहून मोठ्या डिस्कवर इमेज घ्या. मॅप फाइल, म्हणजे कुठवर वाचून झालं त्याची नोंद, द्यायला विसरू नका, मधे बंद पडलं तर तिथूनच पुढं सुरू होतं. ते आधी सोपा भाग उचलतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं, म्हणून विंडोजच्या कॉपीपेक्षा शंभरपट बरं. मग त्या इमेजवर फोटोरेक हे फोटो शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवा, फुकट आहे. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आत दमट होतं. सर्किट बोर्ड बदलायचा सल्लाही तसाच, हल्लीच्या बोर्डवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची माहिती असते, नुसता बोर्ड बदलून भागत नाही.

हां, लॅबला देण्याआधी वायर आणि पोर्ट मात्र एकदा, एकदाच, बदलून बघा, कधी कधी यूएसबीतून करंट पुरेसा मिळत नाही तेव्हाही असाच आवाज येतो. लॅबवाल्याला पैशांआधी फाइलींची यादी मागा, आणि डेटा नाही तर पैसे नाही हे लिहून घ्या. तपासणीचे थोडे घेतात, ते ठीक.

आणि हे सगळं फिरत्या डिस्कबद्दल झालं. एसएसडीवर, म्हणजे चकती नसलेल्या, चिपवाल्या डिस्कवर, डिलीट झालेलं ट्रिममुळे (ती जागा पुसून मोकळी करायची सोय) बहुतेक वेळा गेलेलंच असतं, तिथं माझा हा अनुभव लागू नाही. घरात जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड पडलंय का तेवढं शोधा, त्यावर नंतर काही काढलं नसेल तर डिलीट केलेले फोटोही फोटोरेकने निघतात. आमच्या मुंजीचे फोटो डिस्कमधून नाही, ताईच्या कॅमेऱ्यातल्या कार्डातून मिळाले.