उरलेलं मोजून घे

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात 'वाया' हा शब्द चार वेळा आला आहे. वर्ष वाया, पैसे वाया, घरच्यांची मेहनत वाया, आणि शेवटी तू स्वतः. मी वाद घालत नाही, आज तुला ते पटायचंही नाही. त्यापेक्षा हिशोब करू.

शाळा अर्ध्यात सुटलेल्यांसाठीच्या त्या छोट्या शाळेत पहिल्यांदा जाशील तेव्हा जुन्या गुणपत्रिका सगळ्या ने. नापास झालेल्याही. मध्येच शाळा सुटली की मागचं सगळं पुसलं गेलं असं मुलं धरून चालतात. पद्धती जागोजागी वेगळ्या, पण बऱ्याच ठिकाणी विषय सुटेसुटे मोजतात. अमेरिकेत १९०६ साली कार्नेगी युनिट नावाचं माप आलं: एका विषयाचे वर्षभरात १२० तास भरले की एक एकक. बाकावर बसल्याच्या तासांनी शिकणं मोजायचं, ही काही फार हुशार कल्पना नव्हे. पण शाळा अर्ध्यात तुटलेल्याला तिचा एक फायदा होतो. पूर्ण झालेला विषय सहसा जमेला राहतो. म्हणून पहिला प्रश्न विचार, "माझं नेमकं काय उरलंय?" उत्तर लेखी घे. भीती आकड्यात आली की बरीच आटोपशीर दिसते.

'तिथे तर नापासांची भरती' असं कोणी म्हणालं, हे तू लिहिलं आहेस. म्हणू दे. १९६९ साली फिलाडेल्फियात पार्कवे नावाची शाळा निघाली. तिला धड इमारतही नव्हती. वर्ग संग्रहालयांत, ग्रंथालयांत, कचेऱ्यांमध्ये भरायचे. अर्ज इतके आले की चिठ्ठ्या टाकून मुलं निवडावी लागली. वेगळी शाळा म्हणजे पडेल मालाचं गोदाम, हे ज्यांना वाटतं त्यांनी ती पाहिलेली नसते.

आता खरी गोष्ट, कारण मी अशाच शाळेत गणित शिकवते. छोट्या शाळेत लपता येत नाही. जुन्या शाळेत तुझं तीन आठवडे जाणंच झालं नाही आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, हे तुझ्या पत्रातलं मला सर्वांत टोचलेलं वाक्य. इथे पहिल्या तासाला खुर्ची रिकामी दिसली की फोन येईल. सुरुवातीला तुला याचा प्रचंड राग येईल. पाळत ठेवतात असं वाटेल. माझ्या वर्गातल्या एका मुलाने महिनाभर माझा फोन उचलला नव्हता. पुढे त्यानेच फोन करून 'आज उशीर होतोय' म्हणून कळवायला सुरुवात केली. मी काही जादू केली नव्हती. फक्त दर वेळी फोन केला होता. तेव्हा तिथे गेल्यावर इमारत, नियम, फलक नंतर बघ. तू आला नाहीस किंवा आली नाहीस तर कोणाला कळेल, त्या माणसाचं नाव विचारून घे.

सकाळी उठवत नाही म्हणून घरात 'आळशी' ठरण्याबद्दल एवढंच: या वयात झोपेची वेळच उशिराकडे सरकते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नका असं सुचवलं, ते उगाच नाही. शाळेची वेळ निवडता येत असेल तर उशिराची घे. (रात्री दोनपर्यंत फोन बघायला ही सबब चालणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे.)

अभ्यासाचं म्हणशील तर, तेच पान पुन्हापुन्हा वाचू नकोस. पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढ. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. वाचताना 'येतंय' असं वाटणं फसवं असतं.

आणि एक. दुसऱ्या महिन्यात कधीतरी तुझी दांडी पडेल. बहुतेकांची पडते. जुनी सवय त्या रात्री सांगेल, "झालं, पुन्हा तेच." दुसऱ्या दिवशी जा. जाग उशिरा आली तर दुपारी जा, तास अर्धा झाला असला तरी दार लोटून आत जाऊन बस. कारण काय ते मधल्या सुट्टीत सांगता येईल.

तुझी,
ताई