यंत्राची हालचाल आणि शिल्पकाराचा हात

प्रश्न : लाल द्रव सतत स्वतःकडे ओढणाऱ्या एका यंत्रहाताची चित्रफीत मुलीने मला दाखवली. तो द्रव म्हणजे यंत्राचे रक्त होते आणि ते गळून गेल्यामुळे २०१९ मध्ये यंत्र ‘मरण पावले’, असे तीत म्हटले आहे. हे खरे आहे काय? आणि कारखान्यातील यंत्राला शिल्प का म्हणावे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ती कथा खरी नाही. ‘कान्ट हेल्प मायसेल्फ’ ही कलाकृती सुन युआन आणि पेंग यू या चिनी कलावंत दांपत्याने न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयासाठी २०१६ मध्ये घडवली आणि २०१९ मध्ये ती व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली. तो हात विजेवर चालत असे. लाल द्रव त्याच्या अंगातून गळत नव्हता. तो जमिनीवर ओतून ठेवलेला होता आणि ठरावीक मर्यादेबाहेर पसरल्याचे कॅमेऱ्यांनी टिपताच हात तो पुन्हा आत ओढी.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला या गैरसमजातच सापडते. कारखान्यासाठी बनलेल्या हाताची लोकांना इतकी कणव वाटली, कारण कलावंतांनी त्याला अंग खाजवणे, वाकून अभिवादन करणे अशा ३२ हालचाली शिकवल्या होत्या. मूर्तिकारांच्या आपल्या चितार ओळीत गणपतीची रंगवून झालेली मूर्तीही डोळ्यांची आखणी होईपर्यंत कोणाकडे पाहत नसते. कुंचल्याच्या त्या शेवटच्या रेषांनी तिची नजर आपल्यावर स्थिरावते. यंत्रहाताच्या त्या ३२ हालचालींना मी आखणीच मानतो, आणि म्हणून त्या कृतीला निःशंकपणे शिल्प म्हणतो.

कोरियात जन्मलेले व्हिडिओ-कलावंत नाम जून पाइक यांचे १९७४ चे ‘टीव्ही बुद्ध’ मला याहूनही मोलाचे वाटते. बुद्धमूर्तीसमोर दूरचित्रवाणी संच आहे आणि त्यावर कॅमेऱ्याने त्याच क्षणी टिपलेली तिचीच प्रतिमा दिसते, एवढीच त्याची मांडणी. मूर्ती अंतर्मुख आहे की पडद्यात गुंतली आहे, हे ठरवू पाहणारा प्रेक्षक बराच वेळ तिथून हलत नाही. दीक्षाभूमीच्या शहरात तर हा प्रश्न अधिकच आतून भिडावा.

मुलीसोबत ती चित्रफीत आवाज बंद करून पुन्हा पाहावी आणि हाताच्या कोणत्या हालचालीला आपले मन प्रथम द्रवते, ते दोघांनी ताडून पाहावे.